परदेशचा बाजार आणि घरचा हिशेब

एके काळी परदेशगमन म्हटले म्हणजे विद्या, व्यापार किंवा नोकरी ह्यांपैकी एखादे गंभीर प्रयोजन मनासमोर उभे राहत असे. परकीय चलनाची टंचाई होती, परवानगीवाचून डॉलर हाती येत नसे, आणि केवळ हिंडून येण्यासाठी समुद्र ओलांडणे ही धनिकांचीच मिरास होती. २००४ साली रिझर्व्ह बँकेने सामान्य नागरिकास वर्षाकाठी २५ हजार डॉलरपर्यंत रक्कम स्वेच्छेने बाहेर नेण्याची मोकळीक दिली. पुढे ती मर्यादा वाढत गेली, विमानाची भाडी उतरली, आणि आता पांढुर्णा-सौंसरसारख्या गावांतील ओसरीवरही, लग्नाचा बस्ता नागपुरास बांधावा की बँकॉकला, असा प्रश्न निघू लागला आहे. तो ऐकून हसणारे हसोत. आम्हांस तो हसण्याजोगा वाटत नाही. काटकसर हा आपल्या घरांतला जुना सद्गुण. तो विमानात बसून परदेशच्या बाजारात गेला म्हणजे सद्गुणच राहतो काय, एवढेच आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

सीमेपलीकडचा बाजार ह्या दोन गावांना नवा नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा नागपुरासह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा व सौंसर मात्र छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्यप्रदेशातच राहिले. २०२३ साली ह्या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला. घरची भाषा मराठी, सोयरीक वऱ्हाड-नागपूरकडची, आणि मोठी खरेदी सीताबर्डीची वा इतवारीची. म्हणजे शालू आणि मंगळसूत्र घेऊन घरी येणाऱ्यास येथे राज्याची सीमा ओलांडावीच लागते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत दोन राज्यांच्या विक्रीकरांत फरक असे, आणि कोणती वस्तू कोठे चार पैशांनी स्वस्त मिळते हे गृहिणींना तोंडपाठ असे. त्या हिशेबीपणास कोणी अनीती म्हटले नाही. आम्हीही म्हणणार नाही.

आमच्या परिचयाच्या एका संत्रा-बागायतदार कुटुंबात कार्य निघाले, तेव्हा मुलाने बँकॉकच्या चार दिवसांच्या प्रवासाचे अंदाजपत्रक मांडले. विमानाचे तिकीट, उतरण्याची सोय, शाकाहारी जेवण, आणि उरलेल्या पैशांत खरेदी. वही नीटनेटकी होती. परंतु स्वस्त तिकिटाबरोबर बहुधा सात किलोची हातपिशवीच नेता येते, मोठ्या पेटीचे पैसे निराळे पडतात, हे तिच्यात नव्हते. रुपयाचा बाट करताना दलालाचे जाते तेही नव्हते. थायलंडमध्ये मालावर सात टक्के मूल्यवर्धित कर असतो व परदेशी प्रवाशास तो काही अटींवर परत मिळतो, हे मात्र ठळक अक्षरांत होते. परताव्यासाठी ठराविक दुकानांतच व ठराविक रकमेहून अधिक माल घ्यावा लागतो, पावत्या व अर्ज जपावे लागतात आणि निघण्याच्या दिवशी विमानतळावर ते दाखवावे लागतात, हे बारीक अक्षरांत. मिळकतीची बाजू ठळक लिहावी आणि खर्चाची बारीक, ही मनुष्यस्वभावाची जुनी खोड आहे.

बँकॉकच्या प्रतुनाम भागात तयार कपड्यांचा मोठा बाजार आहे. तेथे पुष्कळ दुकानांत एका नगाला एक भाव आणि तीन नग घेतले तर घाऊक भाव. चतुचक हा दुसरा अवाढव्य बाजार मुख्यतः शनिवार-रविवारी भरतो, म्हणून प्रवासाचे वारसुद्धा त्याच्यावरून ठरवावे लागतात. आता ज्या गृहस्थास एक सदरा हवा आहे तो तीन घेतो, आणि 'दोन सदऱ्यांवर इतके वाचले' असे म्हणतो. वाचले कोणाचे आणि कशातून? जे खर्चावयाचे नव्हते ते खर्चून त्यातून शिल्लक काढणे ही अंकगणिताची किमया खरी. काटकसर म्हणजे इच्छेला लगाम. येथे लगाम तोच राहिला, घोडा मात्र त्याला ओढीत चालला आहे.

तरीही ह्यात नुकसान झाले तर ते आपलेच, आणि आपल्या पैशाने आपण फसण्याचा हक्क प्रत्येकास आहे. खरा नैतिक प्रश्न परतीच्या वाटेवर, विमानतळावरील जकातीच्या दाराशी उभा राहतो. तेथे दोन वाटा असतात: सांगण्याजोगे काही नाही त्याला हिरवी, आहे त्याला तांबडी. २०१६ साली केलेल्या सामानविषयक नियमांत थायलंडसारख्या देशातून परतणाऱ्या भारतीयास ५० हजार रुपयांपर्यंतचा माल जकातीवाचून आणण्याची सवलत होती. असे आकडे बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी चालू नियम पाहून घेणे हाच शहाणपणा. त्याच नियमांत आणखी एक कलम होते, ते बहुतेकांना ठाऊक नसते: एका प्रवाशाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिळवता येत नाही. घरची चार माणसे गेली म्हणून दोन लाखांची एकच वस्तू मोकळी सुटत नाही. त्या कुटुंबाच्या वहीत नेमका हाच चौपट हिशेब मांडला होता. दुबईच्या सोन्याचाही बेत होता, आणि बांगड्या हातांत घालून आल्या म्हणजे कोण विचारतो, असे एक वाक्य कोणीतरी सहज उच्चारले होते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाचे प्रकरण आहे. विवाहासाठी नेलेले द्रव्य, सासरी निघालेल्या मुलीबरोबरच्या वस्तू, भेटीदाखलचा माल, देवपूजा, यज्ञ, उपनयन ह्यांसाठी लागणाऱ्या वस्तू ह्या सर्वांना तेथे शुल्क माफ आहे. वाचताना मन प्रसन्न होते; राजाला प्रजेच्या घरातले मंगलकार्य कळत होते. परंतु त्याला लागूनच सांगितले आहे की, ह्या सवलतीसाठी जो खोटे बोलेल त्याला चोराचा दंड. माफी उदार आहे, म्हणून असत्याला शासन कडक आहे. आजचा कायदा लग्नाच्या बस्त्याला वेगळी सूट देत नाही, हे खरे. कायदा कठोर वाटला तर तो बदलून मागावा. पण तो आवडत नाही म्हणून बांगडी अस्तनीखाली सरकवावी, हे कोणत्या शास्त्रात बसते? अस्तेय आणि अपरिग्रह ही दोन्ही पतंजलींच्या पाच यमांतली व्रते. पहिले पाळून दुसरे मोडणारा पुष्कळदा भेटतो. पण स्वस्ताईच्या मोहात दुसरे मोडले की पहिल्याचीही वीण उसवू लागते, असा आमचा अनुभव आहे.

येथे कोकणी वाचकांना गोव्याची आठवण होईल. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होण्यापूर्वी तेथील दुकाने परदेशी घड्याळे, पेने आणि अत्तरे ह्यांनी भरलेली असत, आणि सीमेच्या अलीकडे त्या मालाला मोठे गिऱ्हाईक असे. एरवी शुद्ध आचरणाची माणसेही त्या घड्याळांविषयी बोलताना आवाज खाली घेत. आवाज खाली येतो तेथे मनाने आपला निकाल आधीच दिलेला असतो.

सौंसरजवळ जामसावळीस हनुमंताचे प्रख्यात स्थान आहे. लांबच्या प्रवासास निघण्यापूर्वी तेथे नारळ ठेवून येणारी कुटुंबे आम्ही पाहतो, आणि ते उचितच आहे. मात्र जकात अधिकाऱ्याची दृष्टी आपल्या पेटीवर पडू नये, हे काम तेवढे मारुतिरायास सांगू नये. त्याच्याकडे सांगण्याजोगी दुसरी पुष्कळ कामे आहेत.

घासाघिशीविषयी दोन शब्द. त्या बाजारांत भाव करणे ही रीतच आहे, आणि विक्रेतीही ते धरूनच किंमत सांगते. परंतु व्यापाऱ्याने संत्र्याच्या बागेचा भाव उगीच पाडला, तर ज्या घरात आठ दिवस संताप असतो, त्या घराने परक्या देशातल्या बाईकडून अखेरचे वीस बाट सोडवून घेताना आपला संताप आठवावा. आणि आहेराचा प्रश्न तर ह्याहून अवघड. परदेशी निघालेल्या माणसाकडे आळीतला प्रत्येक जण काही ना काही मागतो; नाही म्हणावे तर मन दुखावते, हो म्हणावे तर पेटी फुटते. नातलगांना 'आणू' असे न म्हणता 'जमले तर पाहू' असे आरंभीच सांगणे हे कठोर वाटते, पण त्यात दोन्ही घरांचे मन राहते. सौंसरकडे हातमागाचे जुने विणकाम आहे. आहेराला तेथले लुगडे दिले तर जावयाचा मान कमी होतो, असे आम्हांस वाटत नाही.

एवढे सारे म्हणूनही त्या कुटुंबाने जाऊच नये, असे आम्ही म्हटले नाही. गारपिटीच्या धास्तीत ज्यांची वर्षे गेली, त्यांनी एकदा परका देश पाहू नये, हा विरक्तीचा उपदेश दुसऱ्यास करणे सोपे असते. कर्ज काढून किंवा पुढच्या बहारावर उचल घेऊन मात्र जाऊ नये, एवढे आम्ही आग्रहाने सांगितले, आणि ते घरच्या वडीलधाऱ्यांना पटले. मुलाला पटावयास थोडा वेळ लागला.

आता वहीचे पान बदलले आहे. आंबिया बहाराची फळे उतरून पैसा हाती आल्यावर चौघांनी जावयाचे. सोने इतवारीच्या सराफ्यातून, रीतसर पावती घेऊन. बस्ता सीताबर्डीस. बँकॉकच्या पानावर खरेदीची रक्कम तिसऱ्या हिश्शावर आली असून तिच्याखाली 'जकात लागल्यास' अशी एक नवी ओळ आहे. आजीने आपल्यासाठी काहीही आणू नका असे सांगितले होते. पण तेथील देवळांची छायाचित्रे पाहून तिनेच एक ओळ वाढवावयास लावली आहे, ती म्हणजे एक दिवस बाजार नको, देवळे पाहावयाची.