जोड हातात असताना

दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडे द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. शिवपार्वती या दिवशी द्यूत खेळले, अशी कथा सांगतात. त्या कथेचा आधार घेऊन आमच्या सदलग्यात पाडव्याच्या रात्री कुणाच्या तरी सोप्यात घोंगडे पसरले जाते आणि तीन पानांचा डाव बसतो. मी पडलो शाळामास्तर. त्या घोंगड्यावर कधी बसलो नाही आणि बसणाऱ्यांना उपदेश करण्याची संधीही कधी सोडली नाही.

२०२५ च्या पाडव्याला तशी संधी घरी चालून आली. बेंगळुरात नोकरी करणारा माझा भाचा पोकर नावाच्या पत्त्यांच्या खेळात वर्षभराचा पगार घालवून बसला होता. खेळ फोनवरचा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, तेव्हा कुठे त्याचा हात थांबला. बहिणीने त्याला माझ्याकडे धाडले, "तूच चार शब्द सांग" म्हणून. शब्द माझ्याकडे तयारच होते. परंतु त्याने कॅट पिसला आणि म्हणाला, "मामा, आधी खेळ समजून घ्या. मग काय बोलायचं ते बोला."

खेळ असा. प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. त्यावर बोली होते. मग मधोमध तीन पाने उताणी पडतात. त्याला फ्लॉप म्हणतात. ती सर्वांची सामाईक. पुढे आणखी एक, मग आणखी एक. सातांतून उत्तम पाच पाने ज्याची, त्याचा डाव. झाकल्या पानांत दोन एक्के, दोन राजे, दोन राण्या अशी जोड आली की माणसाचे काळीज हलते. दोन एक्के सरासरी २२१ डावांत एकदा येतात. एकच गडी समोर असेल आणि शेवटपर्यंत पाने पाहिली, तर ते शंभरात सुमारे ८५ वेळा जिंकतात. चौघे समोर राहिले तर मात्र ५६ वेळाच.

"आणि मधली पाने उघडली की?" मी विचारले.

"तिथंच तर सगळं आहे," तो म्हणाला. हातात दोन राजे असतील तर पहिल्या तीन पानांत एखादा तरी एक्का शंभरात बावीस-तेवीस वेळा येतो. आपल्या जोडीला तिसरा राजा मिळण्याची शक्यता आठ-नऊ डावांत एकदा. म्हणजे बहुतेक वेळा आपली जोड जशीच्या तशी राहते. भोवतालचे जग तेवढे बदलते.

त्याने दुरी, सत्ती आणि गुलाम अशी वेगवेगळ्या रंगांची पाने मांडली. इथे राजांच्या जोडीने निर्धास्त पैसे लावावेत. भिऊन गप्प बसणे हीसुद्धा चूकच, कारण दुबळ्या हाताला आपण पुढचे पान फुकटात दाखवतो. मग त्याने ती उचलून किलवरची नव्वी, किलवरची अठ्ठी आणि चौकटची सत्ती मांडली. इतका वेळ नुसते पैसे भरत बसलेला गडी इथे एकाएकी मोठी बोली करतो. त्याच्याकडे ओळीची पाच पाने जुळली असतील, तीन सारखी असतील, दोन जोड्या असतील. या प्रकारात बोलीला मर्यादा नसते. केव्हाही समोरचा सगळा ढीग मध्ये लोटता येतो. म्हणून जाणते खेळाडू सांगतात की नुसत्या एका जोडीवर बेताची रक्कम जिंकावी. सगळा ढीग मध्ये जाऊ लागला की समजावे, समोर बहुधा जोडीपेक्षा मोठे काही आहे.

"हे सगळं ठाऊक होतं तुला?"

"होतं की. समोर दिसतही होतं. पण मामा, हातात राजे होते!"

माझे चार शब्द घशातच राहिले. कारण मला आमचा बांध आठवला.

दूधगंगेकाठी आमची उसाची पट्टी आहे. तिच्या पलीकडे चुलतभावाची, आप्पाची. मधल्या बांधावरून आमचे वाजले. वडिलांच्या हातचे वाटणीपत्र माझ्याकडे होते, जुना उतारा माझ्याकडे होता. हातात दोन राजेच म्हणा. मी दावा लावला. तिसऱ्या वर्षी मोजणी झाली. दोघांच्या, पंचांच्या डोळ्यांदेखत साखळी पडली आणि बांध आमच्याच बाजूने दोन हात आप्पाच्या रानात सरकलेला निघाला. ते पान सर्वांसमोर उताणे पडले होते. वकील म्हणाले, "मास्तर, मिटवून टाका." मी म्हणालो, "कागद माझ्याकडे आहे." त्यानंतर अकरा वर्षे मी तेच म्हणत राहिलो.

शेवटच्या आजारात आप्पाने निरोप धाडला होता, एकदा येऊन जा म्हणून. गेलो तर दावा ढिला पडेल असे वाटले. मी गेलो नाही. तो गेल्यावर दावा काढून घेतला. त्याला सोडणे म्हणता येणार नाही. समोर कोणी उरलेच नव्हते.

माझा कागद खोटा नव्हता. मोजणीपूर्वी दावा लावण्यात माझी चूकही नव्हती. चूक पुढची. मग प्रश्न असा की धरून राहणे ही निष्ठा केव्हा आणि हट्ट केव्हा? बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. मला वाटते, निष्ठा प्रत्येक नव्या पानाला पुन्हा विचारते, "अजून हे खरे आहे काय?" हट्टाला पुढचे पान बघायचेच नसते. तो हातातली पाने आणि आजवर घातलेला पैसा तेवढा मोजतो.

वनपर्वात नळाला ऋतुपर्ण अक्षहृदय देतो. त्याआधी तो रथातूनच बेहड्याच्या झाडाची पाने-फळे किती ते सांगतो. नळ रथ थांबवतो आणि खरोखर मोजून पाहतो. ती विद्या मिळाल्यावर कली त्याच्या अंगातून निघून जातो. भाच्याला गणित येत होते, मला मोजणी दिसत होती. आमच्यातला कली गेला नाही, कारण आम्ही मोजले पण मानले नाही.

जुगाराच्या लेखात पुढचे नाव घेताना संकोच वाटतो, तरी घेतो. आमच्या सदलग्यात १९४६ साली जन्मलेले विद्याधर पुढे आचार्य विद्यासागर झाले. त्यांचे गुरू आचार्य ज्ञानसागर यांनी १९७२ मध्ये राजस्थानातील नसीराबाद येथे देह थकल्याचे ओळखून आपले आचार्यपद या तरुण शिष्याला दिले आणि सल्लेखनेसाठी त्याच शिष्याला आपला मार्गदर्शक मानले. त्यांच्या हातातले पद काही हलके झाले नव्हते. काळ कुठे आला आहे, ते त्यांनी पाहिले. ज्या गावात ही गोष्ट लहानपणापासून कानावर पडते, त्याच गावात मी दोन हात जमिनीसाठी चौदा वर्षे घालवली.

त्या रात्री मी भाच्याला काही सांगितले नाही, त्यालाच बांधाची गोष्ट सांगितली. सकाळी भाऊबीज होती. त्याला घेऊन आप्पाच्या घरी गेलो. वहिनींनी फराळाचे ताट पुढे ठेवले. बांध दोन हात आमच्याकडे सरकवायचा आहे, असे मी म्हणालो. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आता ऊस उभा आहे, भावजी. तोड झाल्यावर बघू."

तोड झाल्यावर आम्ही दगड हलवला. भाचा आला होता. खड्डा त्यानेच काढला.