चाक घसरतं तिथे

कंट्रोलर शून्यावर आणा. मॉडेल रेल्वेची गाडी चढावर अडली आहे आणि चाकं जागच्या जागी गरगरताहेत, तर गरगरणं आधी थांबू द्या. शिसं, रबर, लोहचुंबक यातलं काहीही एवढ्यात हातात घेऊ नका. खाली वाका आणि फक्त चाक बघा.

गोल चाक, खाली रूळ, दोन्ही धातूचे. ते एकमेकांना टेकतात ती जागा केवढी? खऱ्या इंजिनात अंगठ्याच्या नखाएवढी. टेबलावरच्या इंजिनात ती डोळ्यांना दिसतही नाही. मोटर कितीही दांडगी असो, गाडी ओढली जाते ती तेवढ्याशा जागेतूनच.

आता वजन मनात धरा. आपल्या ओळखीचं डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन ११२.८ टनांचं. ते एचओ मापात, म्हणजे १:८७ प्रमाणात आणलं, की लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही ८७ पटींनी आक्रसतात. वजन मात्र साडेसहा लाखांहून अधिक पटींनी उतरतं. उरतात सुमारे १७१ ग्रॅम. चाकं बारा, एकेका चाकावर चौदा ग्रॅम. या चौदा ग्रॅमपाशी जरा थांबा. स्वच्छ, कोरड्या रुळावर वजनाच्या पाचव्या भागाएवढी ओढ मिळते असं धरलं, तर अख्ख्या इंजिनाची ओढ चौतीस ग्रॅम. पुंजी एवढीच.

खर्च मागे उभा आहे. हलका डबा वळणावर रुळावरून उतरतो, म्हणून डबे मुद्दाम जड करतात. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस अशी: एचओ डब्याला एक औंस, वर लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. दहा इंची डबा झाला १७० ग्रॅमचा, म्हणजे आपल्या हिशेबातल्या इंजिनाएवढाच! चाळीसाला एक अशा चढावर तो सव्वाचार ग्रॅमनं मागे खेचतो. इंजिनाला स्वतःलाही चढायचं असतं, त्यात तेवढेच जातात. डब्यांच्या धुऱ्यांचं घर्षण निराळं. आणि वळण? अठरा इंच त्रिज्येचं वळण खऱ्या मापात जेमतेम चाळीस मीटरचं होतं. ब्रॉडगेजच्या गाडीला ते कोणी दाखवणारही नाही. तिथे चाकांच्या कडा रुळाला घासत जातात. चौतीस ग्रॅम कुठे गेले, ते आता दिसेल.

मोठ्या रेल्वेलाही हा हिशेब चुकलेला नाही. कर्जतहून लोणावळ्याकडे चढताना घाट ३७ ला १ आहे. तिथे गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात, आणि चाक घसरू लागलं की त्याच्यापुढे रुळावर वाळू सोडतात. वाळूचा मोह इथे टाळा, ती गिअरमध्ये शिरते. बँकर मात्र चालेल, दोन्ही इंजिनांचा वेग जुळत असेल तर.

रुळावरून बोट फिरवा. काळं आलं? ते वंगण आणि धूळ. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं रूळ पुसा, चाकंही पुसा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात असं माझं मत आहे, आणि लोक नेमकं हेच शेवटी करतात.

मग एकेक डबा उतारावर सोडून बघा. जो अडखळतो, त्याचे धुरे बघा. इंजिनाच्या अंगावर दहा ग्रॅम चढवण्यापेक्षा डब्यांचा अडसर काढणं मला केव्हाही बरं वाटतं.

एवढं झाल्यावरच वजनाकडे वळा. चालत्या चाकांच्या बरोबर मध्यावर ते हवं. सगळं पुढे ठेवलंत तर मागची चाकं हलकी पडतात. शिशाचे छर्रे पांढऱ्या पीव्हीए गोंदानं चिकटवू नका. काही वर्षांत शिसं गंजून फुगतं आणि इंजिनाचं अंग फोडतं. रबरी टायर पकड देतात खरी, पण त्या चाकातून वीज घेता येत नाही, म्हणून एका जोडीपुरतेच ठेवा. चुंबकानं इंजिन रुळाकडे खेचून धरायची युक्ती ट्राय-अँग या कंपनीनं १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये विकली, पण तिला पोलादी रूळ लागत. आजचे बहुतेक रूळ तांबं, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूचे आहेत. ते चुंबकाला दाद देत नाहीत. त्यांच्याखाली पोलादी पट्टी घालावी लागते.

शेवटी एक परीक्षा. इंजिन हातानं हलकेच अडवून धरा आणि क्षणभर पूर्ण वीज द्या. चाकं घसरून फिरायला हवीत. ती रुतून बसली, तर मोटर अडते, वीज भसाभस खेचते आणि तिची वेटोळी तापून जळतात. चाकं फिरली नाहीत तर घातलेलं थोडं वजन काढून घ्या, आणि एक डबा कमी लावा.