एकाच मिस्त्रीने बांधलेली दोन इंजिनं

दोन मावसभाऊ होते, एक जळगावचा, एक धुळ्याचा. नाशिकच्या रॅलीत गाडी पळवायची म्हणून दोघांनी एकेक जुनी जिप्सी किंग घेतली. १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन, कधीकाळी तडफदार. पण दोन्ही गाड्या आता धूर ओकत होत्या. जळगावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने दोन्ही इंजिनं उतरवली. पाव मिलिमीटर ओव्हरसाइझ बोअर मारून घेतला, होनिंग करून घेतलं, नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवी बेअरिंगं घातली. लेथवाला एक, हात एक, सामान एक.

किल्ल्या देताना मिस्त्री म्हणाला, "मी बांधलंय ते अर्धं इंजिन. उरलेलं अर्धं तुम्ही रस्त्यावर बांधायचं."

दोघांनी माना डोलावल्या आणि मग आपापल्या स्वभावाप्रमाणे वागले.

मे महिना होता, पारा ४५ला टेकलेला. धुळेकर भरदुपारीच घरी निघाला. बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला आणि त्याने पाय जो दाबला तो उचललाच नाही. एरंडोल मागे पडलं. पारोळ्याच्या अलीकडे इंजिनाचा आवाज जड झाला, गाडीने एक हिसका दिला आणि बंद पडली. इंजिन पकडलं होतं. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, बोअर बिडाचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगतं, आणि दोघांमधली फट असते मिलिमीटरच्या दोन-चार शतांशांची. कोऱ्या पृष्ठभागांच्या घर्षणाने उष्णताही जास्त निघते. त्या फटीत तेल टिकायला जागाच उरली नाही.

जळगावकर त्याच्या अगदी उलट. त्याच्या वडिलांनी फियाट आणि अ‍ॅम्बेसेडरचा जमाना पाहिलेला. तेव्हा नव्या गाडीच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन' अशी चिठ्ठी लावून लोक महिनोनमहिने हळू चालवत, आणि त्या काळच्या कामाला ते शोभूनही दिसे. मुलाने तीच रीत मनावर घेतली. गाडीला हार घातला. रोज सकाळी दारात अर्धा तास इंजिन नुसतं चालू ठेवायचं, चाळीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही, चौघांना बसवायचं नाही, चढाची वाट टाळायची. दोन महिन्यांत सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागला आणि डिपस्टिकवरची तेलाची खूण दर आठवड्याला खाली सरकू लागली.

मिस्त्रीने दोन्ही इंजिनं शेजारी शेजारी खोलली. धुळेकराच्या बोअरमध्ये उभे ओरखडे होते, त्यांत पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम चिकटलेलं. जळगावकराचा बोअर वरवर पाहता सुंदर होता. मिस्त्रीने टॉर्च आत धरला. होनिंगच्या एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघा जळक्या तेलाच्या थराखाली बुजल्या होत्या, सगळा बोअर काचेगत गुळगुळीत झाला होता. रिंग बोअरला घासलीच नव्हती; नुसती घसरत राहिली होती.

"मी तर हिला कधी दुखावलंही नाही," जळगावकर कळवळून म्हणाला.

"म्हणूनच," मिस्त्री म्हणाला. "भो, गोऱ्हा पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपला तर त्याचा खांदा सुजतो. आणि वर्षभर दावणीला बांधून सरकीची ढेप चारली, तर तो औत ओढत नाही. त्याला थोडं ओढायला लावायचं, सोडायचं, परत जुंपायचं."

गोष्टीचा बोध हाच आहे: घाईने जितकं बिघडतं, तितकंच अति जपण्यानेही बिघडतं. मला यातला जळगावकर जास्त जवळचा आणि जास्त धोक्याचा वाटतो. धुळेकराची चूक पारोळ्याच्या रस्त्यावर तासाभरात उघडी पडली. चार माणसं त्याला बोलली आणि तो शहाणा झाला. जपणाऱ्याला मात्र कोणी बोलत नाही, उलट कौतुकच होतं, आणि तोवर आतला बोअर गुळगुळीत होत राहतो. मुलांना उन्हात पाठवायचं नाही, दुकानाच्या गल्ल्यावर बसू द्यायचं नाही, एक ओझं उचलू द्यायचं नाही, अशी प्रेमळ घरं खानदेशात काही कमी नाहीत.

दोन्ही इंजिनं पुन्हा बांधली गेली. धुळेकराला बोअर आणखी वाढवून अर्ध्या मिलिमीटरचे पिस्टन घालावे लागले. जळगावकराचं होनिंग आणि नव्या रिंगांवर भागलं. या वेळी पहिल्या फेरीला मिस्त्री स्वतः शेजारी बसला. साधं मिनरल ऑइल भरलं. इंजिन चालू झालं, ऑइलचा दिवा विझला, गळती कुठे नाही हे पाहिलं, आणि दारात घुरघुरत न ठेवता गाडी थेट रस्त्याला काढली, तीही पहाटेच्या गारव्यात. पाळधीच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये तीसवरून साठपर्यंत चांगला जोर लावायचा, मग पाय पूर्ण उचलून गाडीला गिअरमध्येच आपोआप मंदावू द्यायचं. पुन्हा जोर, पुन्हा सैल. जोर लावला की जळत्या वायूचा दाब रिंगच्या मागे शिरून तिला भिंतीवर दाबतो, होनिंगची बारीक टोकं झिजतात आणि रिंग-बोअरचा मेळ बसतो. पाय उचलला की तेल वर ओढलं जातं, घासलेला कीस धुऊन निघतो आणि धातू निवतो. काटा एका जागी स्थिर ठेवायचा नाही, आणि लाल रेघेच्या वाटेलाही जायचं नाही.

परत आल्यावर तेल काढलं तर त्यात धातूची चमचम होती. दोघांनी ती पाहिली, नवं तेल भरलं. पुढे पाचशे किलोमीटर कधी शेताच्या वाटेने, कधी हायवेने, कधी चौघांना बसवून अशा गाड्या चालवल्या आणि पुन्हा तेल बदललं. मग दोन्ही जिप्सी धुळ्याहून मालेगावच्या अंगाला लळिंगच्या घाटाला लागल्या. पहिल्या गाडीत बसलेल्या मिस्त्रीने चढावर खिडकीतून डोकं काढून सायलेन्सरकडे पाहिलं. धूर नव्हता.

"आता दाब," तो म्हणाला.