देवाच्या वाटेवरची जिप्सी

ताडोबाचे नाव एका देवावरून आले आहे, हे मोहर्ली किंवा कोलारा गेटमधून आत शिरणाऱ्या किती जणांना ठाऊक असते? तारू हा गोंडांच्या गावाचा प्रमुख. वाघाशी झुंजताना तो पडला आणि देव झाला, अशी कथा आहे. तलावाच्या काठावर मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे आहे आणि पौषात तिथे यात्रेची परंपरा आहे. १९५५ साली जंगलाचे राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली अंधारी अभयारण्यासह व्याघ्रप्रकल्प झाला. आता पर्यटक तिकीट काढून तलावापर्यंत जातो. तारूला मानणाऱ्याला मात्र त्याच तलावावर जायला वनखात्याची परवानगी लागते.

सफारीची जिप्सी तलावाजवळून जाते तेव्हा गाइड एखाद्या वाक्यात तारूची गोष्ट सांगतोही. पण त्याच वेळी पलीकडून सांबराचा धोक्याचा कॉल आला, की गोष्ट तिथेच तुटते. ड्रायव्हर गाडी वळवतो आणि सगळ्यांचे डोळे झुडपांकडे लागतात. यात पर्यटकाला दोष देण्यात अर्थ नाही, तो वाघासाठीच आलेला असतो. गाइडलाही नाही. तो बहुधा आसपासच्याच गावातला असतो, आणि सायटिंग झाली नाही तर नाराजी त्यालाच झेलावी लागते. दोष व्यवस्थेचा आहे. तिने देव प्रेक्षणीय स्थळात घातला आणि देवाच्या माणसांना विचारलेच नाही.

विचारले तर काय होते, ते ऑस्ट्रेलियात दिसते. तिथे उलुरू या पवित्र खडकाभोवती पर्यटक सेगवे या दोनचाकी वाहनावर उभे राहून गाइडबरोबर फेरी मारतात. ऐकताना ते खटकते. पण ती जमीन १९८५ साली तिथल्या मूळ रहिवासी अनंगू लोकांना परत मिळाली आहे. त्यांनी ती उद्यानासाठी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली, आणि व्यवस्थापन मंडळात बहुमत त्यांचे आहे. त्याच मंडळाने २०१७ मध्ये खडकावर चढणे बंद करायचे ठरवले आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून ते बंद झाले. काही जागांचे फोटोही काढू देत नाहीत. वाहन कुठवर न्यायचे आणि काय झाकून ठेवायचे, हे तिथे ज्यांचा देव आहे त्यांना विचारून ठरते.

आपल्याकडे असे करायला कायदा आडवा येत नाही. वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने सांस्कृतिक वारसा जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून तो कायदा राबवून दाखवला. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या प्रस्तावित खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धार्मिक हक्कांचा निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. गडचिरोलीतल्याच एटापल्लीत सुरजागडच्या ठाकुरदेवाचा डोंगर लोहखनिजासाठी खोदला जात असताना तर देवाच्या जागेचे कोणी ठरवायचे, हा प्रश्न आणखी तातडीचा आहे.

वाघाला निवांतपणा हवा, हे मला पूर्ण मान्य आहे. त्यासाठी पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद राहते, आत मोबाईल नेता येत नाही, आणि पर्यटक ते मुकाट्याने पाळतात. मग पौषातल्या यात्रेच्या दिवसांत तलावाच्या बाजूची सफारी बंद ठेवायला काय हरकत आहे? भाविक किती यावेत, कोणत्या वेळी यावेत, हे वनखात्याने गावांसोबत बसून ठरवावे. तारूविषयी पर्यटकाला काय सांगायचे आणि काय नाही, हेही गावांनीच ठरवावे. ही बैठक येत्या पौषाच्या आधी घ्या, आणि ती ताडोबाच्या गावांत घ्या.