अनुभवाचा दाखला

मनुष्याने असत्य बोलू नये, हे सांगण्यासाठी निबंध लिहिण्याचे कारण नाही. परंतु एखादे दार असत्यावाचून उघडणारच नाही, असे ज्याला वाटू लागले आहे, त्याला आपण काय सांगावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. गेल्या वर्षी तो आमच्या घरी येऊन बसला, आणि आम्ही त्याला तत्काळ उत्तर देऊ शकलो नाही.

आमच्या एका दिवंगत स्नेह्यांचा मुलगा. वय चौतीस. येथे हैदराबादेत औषधांच्या एका घाऊक दुकानात तो दहा वर्षे हिशेब लिहीत होता. रात्री घरची निजानीज झाल्यावर, दोन वर्षे, तो संगणकाच्या आज्ञावल्या लिहावयास आपला आपण शिकला. सोबतीला आयआयटीच्या अध्यापकांची एनपीटेलवरील विनामूल्य व्याख्याने होती आणि स्वतःच्या असंख्य चुका होत्या. मग अर्ज सुरू झाले, आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न आला : अनुभव किती वर्षांचा? नोकरीवाचून अनुभव नाही आणि अनुभवावाचून नोकरी नाही. अखेर अमीरपेठ भागात, जेथे संगणक शिकवणाऱ्या वर्गांची दाटी आहे, एकाने त्याला पैसे घेऊन दोन वर्षांच्या अनुभवाचा दाखला देऊ केला, पगाराच्या पावत्यांसकट.

"काका, घेऊ का?" एवढेच त्याने विचारले.

आम्ही बँकेत आयुष्यभर दुसऱ्यांची कागदपत्रे तपासली. उत्तर आम्हांस पाठ असावयास हवे होते. परंतु त्याच्या दोन मुली आमच्या डोळ्यांसमोर होत्या, आणि 'घे' हा शब्द आमच्या जिभेवर येऊन परत गेला, हे येथे कबूल केले पाहिजे. "विचार करून सांगतो," असे म्हणून आम्ही त्याची बोळवण केली.

असत्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. हे दार मुळातच न्याय्य नाही. या विद्येचा आरंभच मुळी गुरूवाचून झाला. १९४५ साली फिलाडेल्फियात एनिॲक या यंत्रासाठी ज्या सहा स्त्रियांची निवड झाली, त्या हाताने गणिते करणाऱ्या होत्या. यंत्र कसे चालवावे हे सांगणारे पुस्तक अस्तित्वातच नव्हते. आराखडे समोर ठेवून त्यांनी ते स्वतः जाणून घेतले. अमेरिकेत संगणकशास्त्राचा पहिला स्वतंत्र विभाग पर्ड्यू विद्यापीठात निघाला तो १९६२ साली. त्यापूर्वी ज्यांनी हे काम केले, ते बहुतेक दुसऱ्या कोणत्या तरी कामातून आलेले. ज्या विद्येचे पूर्वजच स्वयंशिक्षित, तिच्या उंबरठ्यावर स्वयंशिक्षिताला अडवावे, यात औचित्य कोणते?

तथापि दार अन्याय्य आहे म्हणून खोटा दाखला न्याय्य ठरत नाही. एकलव्याला विचारले गेले तेव्हा त्याने द्रोणांचे नाव सांगितले. द्रोणांनी तर त्याला शिकवले नव्हते. मग तो खोटे बोलला काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्याची विद्या कोणी विचारण्यापूर्वीच सिद्ध झाली होती. नाव मागाहून आले, आणि ते कृतज्ञतेचे होते. विकत घेतलेल्या दाखल्यात याच्या उलट घडते. तेथे नाव आधी येते आणि त्यामागे काम नसते.

याहून महत्त्वाची गोष्ट आम्हांस नंतर उमगली. नव्या मनुष्याची खरी मिळकत एकच असते : "मला हे समजले नाही" असे म्हणण्याची मुभा. खोट्या दोन वर्षांचा धनी पहिल्याच दिवशी ही मुभा गमावून बसतो. त्याला अडले तरी विचारता येत नाही, चुकले तरी सांगता येत नाही. ज्या अनुभवासाठी त्याने खोटे सांगितले, तो अनुभव मिळण्याची वाटच तो बंद करतो. शिवाय असा एक दाखला उघडकीस आला की दार अधिक घट्ट होते, ते त्याच्या मागे उभ्या असलेल्या प्रामाणिक मनुष्यावर.

हे आम्ही त्याला सांगितले, आणि उपदेश फुकटचा राहू नये म्हणून आपल्या ग्रंथालयाची सूची संगणकावर करण्याचे काम त्याच्याकडे सोपवले. त्यात एक विचित्र दोष निघाला. 'दुसऱ्या', 'साऱ्या' असे शब्द शोधले की काही पुस्तके सापडत, काही सापडत नसत. अक्षर डोळ्यांना एकच दिसे. परंतु युनिकोडमध्ये ते दोन निरनिराळ्या प्रकारे साठवता येते, आणि टंकलेखन करणाऱ्या दोघांनी दोन प्रकार वापरले होते. हे शोधण्यास त्याला अकरा दिवस लागले.

तीन ठिकाणी त्याने अनुभवाच्या रकान्यात शून्य लिहिले, आणि तीनही ठिकाणांहून नकार आला. चौथ्या ठिकाणी कोणी तरी विचारले, "सर्वांत अवघड चूक कोणती?" त्याने 'ऱ्या'ची कथा सांगितली, अकरा दिवसांसकट. सहा महिन्यांच्या उमेदवारीवर त्याला घेतले गेले. पगार दुकानातल्याहून कमी.

ही गोष्ट सत्याच्या विजयाची म्हणून आम्ही सांगत नाही. चौथीकडेही नकार आला असता, तर आमचा सल्ला चुकीचा ठरला असता काय? आम्ही या प्रश्नाशी बराच काळ झगडलो. ठरला नसता, परंतु त्या सल्ल्याची किंमत त्याने भरली असती, आम्ही नव्हे. म्हणून जो सत्याचा आग्रह धरतो, त्याच्यावर एक ऋण चढते. ज्यांच्या हाती निवड आहे, त्यांनी वर्षे मोजण्याऐवजी काम पाहावे आणि ते समजावून सांगावयास लावावे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून आज्ञावली यंत्रही लिहून देते. तिच्यात चूक कुठे आणि का, याचा जबाब देण्याची जबाबदारी मात्र अद्याप मनुष्याचीच आहे. आणि ज्यांच्या हाती निवड नाही, अशा आपल्यासारख्यांनी निदान काम तरी द्यावे. शून्य लिहिणाऱ्याला दाखवण्याजोगे काही तरी हाती हवे.

आमच्या ग्रंथालयात आता 'दुसऱ्या' हा शब्द शोधला की सारी पुस्तके सापडतात.