धीर कीं हट्ट?

मनुष्याच्या कृतीची किंमत तिच्या हेतूवरून ठरवावी कीं फळावरून, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या वर्गांत आम्ही आज पंचवीस वर्षें शिकवीत आलों आहों. वर्गांत त्याचें उत्तर देणें फारसें अवघड जात नाहीं. परंतु गेल्या दिवाळींत तोच प्रश्न आमच्या घरीं येऊन समोरच्या खुर्चीवर बसला, तेव्हां आमची जी त्रेधा उडाली ती वाचकांपुढें मांडावी असें वाटतें.

आमचा एक जुना विद्यार्थी भेटीस आला होता. सात वर्षांपूर्वीं त्यानें एक छोटा कारखाना काढला. वडिलांस निवृत्त होतांना मिळालेली सर्व रक्कम त्यांत गेली, पुढें पत्नीचे दागिने गहाण पडले, आणि कारखाना अद्याप आपल्या पायांवर उभा राहिलेला नाहीं. तो चालवावा कीं मिटवावा, हें विचारावयास तो आला होता. बोलतां बोलतां म्हणाला, "सर, मी कितीदां तरी सोडणार होतों, पण प्रत्येक वेळीं आपण वर्गांत सांगितलेली कोलारची गोष्ट आठवली." हें ऐकून आम्हांस धन्यता वाटावयास हवी होती. प्रत्यक्षांत भय वाटलें.

ती गोष्ट अशी. म्हैसूर संस्थानांतील कोलार जिल्ह्यांत सोनें आहे ही बोलवा जुनी होती. १८०२ सालीं वॉरन नांवाच्या ब्रिटिश फौजेंतील अधिकाऱ्यानें तेथें माती धुवून सोनें काढणारे गांवकरी पाहिले होते. १८७५ सालीं लाव्हेल नांवाच्या निवृत्त सैनिकास तेथें खाणी खणण्याचा परवाना मिळाला, आणि १८८० पासून लंडनमध्यें भांडवल उभारून कंपन्या निघाल्या. पहिलीं वर्षें निव्वळ निराशेचीं गेलीं. १८८३ च्या सुमारास म्हैसूर कंपनीच्या १,३५,००० पौंडांपैकीं अवघे १३,००० पौंड शिल्लक होते. उरलें तें वांटून घेऊन गाशा गुंडाळावा, असें बहुतेक भागीदार म्हणूं लागले. परंतु व्यवस्थापक जॉन टेलर आणि मंडळींच्या सल्ल्यानें ती रक्कमहि कामास लावण्याचें ठरलें. कॅप्टन प्लमर यांनीं जुन्या काळच्या लोकांनीं खणून सोडलेल्या विवरांखालीं काम नेलें, आणि तेथें 'चँपियन' ही सोन्याची शीर लागली. पुढें त्या खाणी तीन किलोमीटरांहून खोल गेल्या. २००१ सालीं त्या बंद पडेपर्यंत कोलारनें सुमारें ८०० टन सोनें दिलें. इतकें सांगून, शेवटच्या पैशापर्यंत धीर धरावा, असा उपदेश करून आम्ही तास संपवीत असूं.

आम्ही जी गोष्ट सांगत नव्हतों ती त्याच वर्षांतली आहे, आणि कोलारपासून फार लांबचीहि नाहीं. वायनाडचा आग्नेय भाग १८७७ सालीं मलबारांतून काढून नीलगिरी जिल्ह्यास जोडण्यांत आला. तेथील देवाळा व पंडलूर या गांवांभोंवतीं कुरुंब लोक ओढ्यांच्या वाळूंतून सोनें धुवून काढीत. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतांत खाणींचा कारभार पाहिलेले ब्रो स्मिथ यांनीं या भागाची पाहणी करून १८८० सालीं आशादायक अहवाल दिला. लगेच लंडनमध्यें तीसांहून अधिक कंपन्या निघाल्या. त्यांचें कागदोपत्रीं भांडवल सुमारें पन्नास लाख पौंड होतें. डबघाईस आलेले कॉफीचे मळे सोन्याच्या भावानें विकले गेले. शीर पुरती उघडी करून पाहण्यापूर्वींच गार कुटण्याचीं अवजड यंत्रें घाट चढून आलीं. तीं चालूं लागल्यावर टनामागें थोडे पेनीवेट सोनें मिळूं लागलें. तेवढ्यांत खर्चहि भागेना. दोन-तीन वर्षांत सगळा डोलारा कोसळला. आज त्या डोंगरांवर चहाचे मळे आहेत.

आतां विचारावयाचें तें हें. कोलारच्या मंडळींस आपण धीरोदात्त म्हणतों व वायनाडच्या मंडळींस मूर्ख म्हणतों, तें कशावरून? फळावरूनच म्हणत असूं, तर यशस्वी झाला तो धीर आणि फसला तो हट्ट, एवढाच आपल्या नीतिशास्त्राचा अर्थ होईल. मग आमच्या विद्यार्थ्यास आम्हांला एवढेंच सांगतां येईल कीं, तुझा कारखाना चालला तर तूं शहाणा, बुडाला तर वेडा. असें उत्तर द्यावयास प्राध्यापक कशाला हवा? शेजारीपाजारी तें फुकट देतात.

फळाच्या आधींच या दोहोंत भेद करतां येतो असें आम्हांस वाटतें, आणि तो भेद खाणीच्या कामांतच दिसतो. सराफकट्ट्यावरील केर धुणारा झारेकरी घ्या. त्याची परात दिवसभर फिरते, आणि आज कांहीं मिळालें कीं नाहीं हें त्यास सायंकाळीं कळतें. धोका त्याच्या एका दिवसाच्या श्रमांचा. खाणीचें तसें नाहीं. तेथें उभें विवर खणावयाचें, ठराविक खोलीवर आडवे बोगदे काढावयाचे, ते एकमेकांस जोडावयाचे, आणि शीर चहूंबाजूंनीं उघडी पडली म्हणजे तिच्यांत काय आहे याचा हिशेब करावयाचा. या पूर्वतयारीच्या कामांत सोनें हातीं लागत नाहीं. लागतें तें केवळ ज्ञान. त्याला वर्षें लागतात, आणि पैसा बहुधा दुसऱ्याचा असतो.

या लांबलेल्या काळांत मनुष्य स्वतःस फसवूं शकतो. गारेच्या शिरेंत सोनें सर्वत्र सारखें नसतें. डोळ्यांत भरणारा तुकडा उचलून कस लावला तर टनामागें औंस-दोन औंसांचा हिशेब निघेल. उलट शिरेच्या सबंध रुंदीवर ठराविक अंतरानें खांच पाडावी, निघालेला सगळा चुरा एकत्र करावा आणि मग कस लावावा. तोच आंकडा चार-पांच पेनीवेटांवर, म्हणजे पाव औंसावर, येऊं शकतो. पहिला नमुना खोटा नव्हता. तो त्याच डोंगरांतला होता. फक्त दगडास 'नाहीं' म्हणण्याची सवड त्यांत दिलेली नव्हती.

आमच्या मतें धीर आणि हट्ट यांची सीमारेषा येथें आहे. ज्या प्रयत्नांत नकार ऐकूं येण्याची सोय करून ठेवलेली आहे तो धीर. ज्यांत ती मोडून टाकलेली आहे तो हट्ट. वायनाडांत पैशाचा मोठा वांटा जमिनी विकणारांच्या व कंपन्या काढणारांच्या हातीं गेला, आणि यंत्रें आधीं आल्यामुळें दगडाचें उत्तर कोणासच नको होतें. म्हैसूर कंपनीचे शेवटचे १३,००० पौंड एकाच प्रश्नाचें उत्तर काढण्यासाठीं जमिनीखालीं उतरले. तेथें कांहीं न सांपडतें तर काम थांबलें असतें, आणि तरीहि त्या मंडळींस आम्ही हट्टी म्हटलें नसतें.

यावर कोणी म्हणेल, बुद्धीनें पाहिलें तर १८८३ सालीं थांबूं म्हणणारे भागीदारच शहाणे होते. आम्हांस हें मान्य आहे. थांबणें हा तेव्हां अप्रामाणिक निर्णय ठरला नसता. पुढें जाणेंहि ठरलें नाहीं. दोन प्रामाणिक निर्णयांपैकीं एकास दैवानें हात दिला. दैवाचा वांटा नाकारण्यांत अर्थ नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, दैवाच्या वांट्याचें श्रेय सद्गुणाच्या खात्यांत जमा करूं नये. शिवाय यशाचा हिशेबहि पुरता मांडावा. कोलारच्या सोन्यासाठीं तामीळ व तेलुगू मुलखांतून आलेले मजूर पाताळांत उतरले. खडक फुटून कित्येक दगावले, धुळीनें कित्येकांचीं फुप्फुसें निकामी झालीं. भागीदारांच्या सभेंत धोका पत्करण्याचा ठराव झाला तेव्हां त्यांतल्या कोणाचेंहि मत घेतलें गेलें नव्हतें.

त्या दिवशीं हें सारें आम्हीं विद्यार्थ्यास सांगितलें नाहीं. एवढेंच विचारलें, "वडिलांना तूं हिशेब शेवटचा केव्हां दाखविलास?"

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तीन वर्षें झालीं, सर. त्यांना काळजी वाटेल म्हणून."

कारखाना चालवावा कीं मिटवावा हें आम्हांस आजहि ठाऊक नाहीं; तें त्याच्या वहींत आहे. पण नकार देण्याचा अधिकार ज्याला सर्वांत अधिक होता, त्याच्यापुढून ती वही तीन वर्षें काढून घेतलेली होती. ती आधीं वडिलांपुढें ठेव, दागिने जिचे तिलाहि दाखव, आणि मग तिघांनीं मिळून ठरवा, असें आम्हीं त्यास सांगितलें.

तो गेल्यावर आम्हांस आमचाहि हिशेब मांडावा लागला. पंचवीस वर्षें आम्हीं कोलारचा चमकणारा तुकडा तेवढा विद्यार्थ्यांस दाखविला. तोहि खराच होता. पण कोणा कंपनी काढणारानें लंडनमध्यें केलें त्याहून आम्हीं वर्गांत फारसें निराळें केलें असें म्हणवत नाहीं. यापुढें कोलार सांगतांना त्याच तासाला देवाळा आणि पंडलूरहि सांगावयाचें, असें आम्हीं ठरविलें आहे.