वेगळी चूल

आप्पांचा उजवा हात मनगटापासून कडबाकुट्टीत गेला, तेव्हा मी चौथीत होतो. पुढं तीस वर्षं आमच्या या चुलत्यानं त्या हाताचं नाव काढू दिलं नाही. डाव्या हातानं धार काढली, कोपराच्या बेचक्यात कासरा धरून औत हाकलं. एसटीत कुणी राखीव जागा दिली तर म्हणायचे, "मला काय झालंय?"

2022 ला पावसानं कपाशी गेली आणि वर उधारी झाली, तेव्हा कुठं ते संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करायला तयार झाले. तेव्हा महिना 1000 रुपये मिळायचे. 2023 ला ते 1500 झाले आणि ऑक्टोबर 2025 पासून अपंगांना 2500. 1980 पासूनची ही योजना, खेड्यात तिला नुसतं 'निराधारचे पैसे' म्हणतात. निराधार हा शब्दच आप्पांना बोचायचा. "घरात बायको, पोरगा, सून, नात. मी निराधार काहून?"

औरंगाबादला (शहराचं नाव अजून बदललं नव्हतं) दाखल्यासाठी गेलो. चाळीस टक्क्यांच्या वर अपंगत्व लागतं. तपासणाऱ्यानं विचारलं, "काय काय करता येत नाही?" आप्पा काय काय येतं तेच सांगू लागले. मी मागून त्यांचा सदरा ओढला. त्या ओढण्याची मला अजून लाज वाटते.

खरी अडचण पुढं होती. अपंगाच्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 50 हजारांच्या आत पाहिजे. म्हणजे दिवसाला 137 रुपये. आमच्या घरात पाच माणसं, माणशी 27 रुपये. एवढ्यात जगणारं घर मी तरी पाहिलेलं नाही. आणि आप्पांचा पोरगा वाळूजला कंपनीत कंत्राटावर. अर्ज भरून देणारा सहज म्हणाला, "अठ्ठेचाळीस हजार टाकू. सगळेच टाकतात."

आप्पा म्हणाले, "मंग मव्हा हात खरा आन् कागद खोटा?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. चाळणी लागतेच, नाहीतर ट्रॅक्टरवालेही रांगेत येतील. तशी नावं मी यादीत पाहिलीत. पण चाळणी अशी की खरं बोलणारा गळून पडतो आणि उरतात ते सगळे थोडेथोडे खोटे. माझा पगार महिन्याच्या महिन्याला जमा होतो. मला काय करता येत नाही, हे मला कुणी विचारलेलं नाही. मग आप्पांना 'लिहा हो, काय होतं' म्हणायचा अधिकार मला कुठून आला? आणि न लिहून त्यांना खरं ठेवलं असतं, तर ती उधारी कुणाच्या खरेपणानं फिटली असती?

शेवटी एकानं तोड काढली. पोराचं रेशनकार्ड वेगळं करा, त्याची कमाई धरायची नाही. दोन एकराच्या हिशोबात आप्पा खरोखरच 50 हजारांच्या आत बसत होते. मी आनंदानं कागद केले. तालुक्याच्या समितीत अर्ज मंजूर झाला, पैसे खात्यावर येऊ लागले.

दिवाळीला गावी गेलो तर ओसरीच्या कोपऱ्यात दुसरी चूल मांडलेली. काकू तिथं दोघांपुरत्या भाकरी थापत होत्या. मला वाटलं, सुनेशी बिनसलं.

"बिनसलं कुठं?" काकू म्हणाल्या. "त्यांचं म्हणणं, कागदावर वेगळे निघालो तर मंग वेगळंच खायचं. पोरगं रडलं, तरी ऐकंना."

"आप्पा, असं कुणी बघायला येत नाही," मी म्हणालो.

"म्या बघतो ना," आप्पा म्हणाले.

तेवढ्यात नात आतून वाटी घेऊन आली. वांग्याचं भरीत होतं. "आजोबा, आईनं दिलंय." आप्पांनी डावा हात पुढं केला, मध्येच थांबवला आणि माझ्याकडं बघितलं.

"घेऊ का रं? हे धरतेत का उत्पन्नात?"